माझ्या गोळीला साखर मोजता येत नाही

रात्री साडेतीनला जाग आली ती घामाने. उशी ओली, बनियन पाठीला चिकटलेलं, छातीत धडधड, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरतेय की आपल्याला आत्ता काहीतरी करायचंय, पण काय ते आठवेना. हे आठवेनासं होणं फार वाईट, त्यापेक्षा घाम परवडला. भिंत धरत धरत टेबलापाशी गेलो, ग्लुकोमीटरमध्ये पट्टी घालायला तीनदा खटपट करावी लागली कारण हात ऐकतच नव्हता, बोट टोचलं, मशीनने उलटे आकडे मोजले आणि दाखवलं ५४. ७०च्या खाली गेली की लो म्हणतात. एवढ्यात बायको उठून आली, काही विचारलं नाही, ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळली आणि ग्लास माझ्या हातात न देता स्वतःच माझ्या तोंडाला लावला. बरं केलं, नाहीतर निम्मं अंगावर सांडलं असतं. पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं. ७३. परत पंधरा मिनिटं. ९८. तोपर्यंत मी माणसात आलो होतो.

कारण साधं होतं. संध्याकाळपासून पोट बिघडलेलं म्हणून रात्री काही खाल्लं नाही, पण सकाळची गोळी मात्र घेऊन झाली होती. ग्लिमेपिराइड, दिवसातून एकदा. नऊ वर्षं घेतोय, आधी १ मिलीग्रॅम होती, मग २ झाली. सोबत मेटफॉर्मिन आहेच, पण तो या गोष्टीतला आरोपी नाही.

परत आडवे झालो तेव्हा बायको अंधारातच म्हणाली, "साखर एवढी खाली गेली होती तर त्या गोळीने आपोआप थांबायला नको का? तिला कळत नाही?"

मी म्हटलं, गोळी आहे ती, तिला काय कळणार. पण मग मला झोप लागली नाही, कारण प्रश्न बरोबर होता. ज्याला डायबिटीस नाही तो माणूस एक रात्र उपाशी झोपला म्हणून असा घामाघूम होऊन उठत नाही. म्हणजे त्याच्या शरीरात कुणाला तरी कळतं की आता साखर कमी आहे, इन्सुलिन सोडणं बंद करा. ते कुणाला कळतं? आणि माझी गोळी आत जाऊन असं काय करते की ते कळणंच बाजूला पडतं?

माझी भाची बीटा पेशींवर पीएचडी करतेय. इतकी वर्षं मी तिला फक्त "कधी संपतंय तुझं" एवढंच विचारत आलोय (हो, प्रत्येक घरात एक असतो तो मामा मीच). दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाली, "वा, कामापुरती भाची आठवली का आज!" पण मग दीड तास बोलली. आणि नंतर एकदा लॅबमध्ये नेऊन दाखवलंसुद्धा. त्यातलं मला जे कळलं आणि पुढे मी जे वाचत सुटलो ते इथे लिहून ठेवतोय. काही चुकलं असेल तर ते माझं, तिचं नाही.

तर स्वादुपिंड, म्हणजे पँक्रियाज, हा मुळात पचनाचे रस बनवणारा अवयव. त्याच्या सगळ्या वजनातला फक्त एक-दोन टक्के भाग साखरेचं बघतो. आणि तो भाग एका जागी नसतो, सगळीकडे ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असतो, माणसात असे साधारण दहा लाख ठिपके, एकेक ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला ते मायक्रोस्कोपखाली दिसले, त्याने त्यांचं नीट वर्णन केलं आणि यांचं काम काय ते मला माहीत नाही असं प्रबंधात सरळ कबूल करून टाकलं. मला हे फार आवडलं. पुढे त्याला टीबी झाला, १८८८मध्ये चाळिसाव्या वर्षी तो गेला, आणि पुढच्याच वर्षी स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं तर कुत्र्याला डायबिटीस झाला. एका वर्षाने हुकलं बिचाऱ्याचं. ठिपक्यांना त्याचं नाव मात्र मिळालं, आयलेट्स ऑफ लँगरहान्स, तेही १८९३मध्ये.

या आयलेटमधल्या बीटा पेशी इन्सुलिन करतात हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण साखर "कळते" म्हणजे काय? बीटा पेशीला काही जीभ नाही. ती साखर आत घेते, जाळते, आणि जाळून किती ऊर्जा निघाली यावरून बाहेर रक्तात किती साखर असेल त्याचा अंदाज बांधते. जाळायची पहिली पायरी करणारं ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम आहे, ते इथे मुद्दाम आळशी ठेवलंय असं भाची म्हणते. बाकीच्या पेशींमधले त्याचे भाऊबंद जराशी साखर दिसली की फुल स्पीडला जातात, मग कितीही साखर वाढू दे त्यांना फरक पडत नाही. हे मात्र रक्तातली साखर चढेल तसतसं वेग घेतं, त्याचा निम्मा वेग येतो तोच मुळी १४०-१५०च्या आसपास. म्हणजे आपल्याला ज्या रेंजमध्ये साखर मोजायची गरज आहे नेमकी त्याच रेंजमध्ये हे एन्झाइम हलतं. मी हे ऐकून फोनवर "आयला" म्हणालो.

पण यातून इन्सुलिन कसं सुटतं? पेशीत साखर जळली, ठीक आहे. इन्सुलिनच्या पुड्या (एका पेशीत साधारण दहा हजार असतात) आत तयार पडल्यात, हेही ठीक. मधला निरोप कोण नेतो? १९६८मध्ये डीन आणि मॅथ्यूज यांनी दाखवलं की या पेशींना ग्लुकोज दिलं की त्यांच्यात विजेचे ठोके पडायला लागतात, हृदयात किंवा मेंदूत पडतात तसे. मला तर हेच माहीत नव्हतं की पँक्रियाजमध्ये वीज असते. नंतर सत्तरच्या दशकात एवढं समजलं की ग्लुकोज दिलं की पेशीतून पोटॅशियम बाहेर जायचं कमी होतं. म्हणजे पेशीला कुठेतरी पोटॅशियमचं एक दार आहे, एरवी उघडं, आणि साखर आली की ते लागतं. पण कुठलं दार, आणि लावतं कोण?

इथे येतात फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट बाई. ऑक्सफर्ड, १९८४.

बाईंनी काय केलं ते समजायला आधी पॅच क्लॅम्प, म्हणजे पेशीच्या पडद्यातून जाणारी वीज मोजायची पद्धत, समजायला लागतं, आणि ते मला फोनवर अजिबात समजलं नव्हतं, लॅबमध्ये बघितलं तेव्हा समजलं. तर लॅबचंच सांगतो.

दारातच मोबाइल बाहेर ठेवायला लावला. आत एक जाडजूड टेबल, हवेवर तरंगणारं, कारण बाहेरून कुणी चालत गेलं तरी धक्का बसतो. टेबलाभोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा, कारण भिंतीतल्या वायरिंगची वीजसुद्धा त्रास देते. पिंजऱ्यात मायक्रोस्कोप. आधी तिने मला एका बशीत आयलेट दाखवले, उंदराच्या पँक्रियाजमधून वेगळे काढलेले. एरवी पांढुरके बारीक कण, पण तिने त्यावर डायथिझोन नावाचा रंग टाकला तर ते लालबुंद झाले आणि बाकीचा कचरा तसाच राहिला. इन्सुलिनच्या पुड्यांमध्ये झिंक असतं, रंग त्याला धरतो. खरं सांगतो, नऊ वर्षं "माझं पँक्रियाज, माझं पँक्रियाज" करतोय, पण तो लाल ठिपका बघितल्यावर पहिल्यांदा वाटलं की हां, हे कायतरी खरंच आहे.

मग तिने दुसऱ्या बशीतली, रंग न लावलेली, सुटी केलेली एक पेशी निवडली. काचेची बारीक नळी मशीनमध्ये तापवून ताणली, तिचं टोक एक-दोन मायक्रॉनचं झालं, ते टोक मायक्रोस्कोपखाली बघत बघत पेशीला नुसतं टेकवलं. नळीच्या मागच्या बाजूला एक प्लॅस्टिकची ट्यूब होती ती तोंडात धरली आणि अगदी हळू हवा ओढली. एवढ्या लाखमोलाच्या सेटअपमध्ये शेवटचं काम तोंडाने ओढायचं! मला हसू आलं तर तिने डोळे वटारले, "मामा, श्वास हळू घे." पहिल्या पेशीचं सील लागलं नाही. दुसरी फाटली. तिसरीला स्क्रीनवरची रेघ एकदम सपाट झाली, ती पुटपुटली "लागलं". म्हणजे काचेची कड पेशीच्या पडद्याला इतकी घट्ट चिकटली की आता त्या टोकाखाली जेवढा पडदा आहे तेवढ्यातूनच वीज मोजली जाणार. आणि तेवढ्या तुकड्यात एखाददुसरंच दार असतं.

मग रेघ उड्या मारायला लागली. खाली, वर, खाली, खाली, वर. प्रत्येक उडी म्हणजे एक प्रोटीनचं एक दार उघडलं किंवा लागलं. एका रेणूचं दार! करंट काही पिकोअँपिअर. एक पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला साठ लाखांच्या वर आयन जाणार, आणि तरी तो करंट इतका लहान की मोबाइल बाहेर ठेवायला लागतो. हे तंत्र काढलं नेहर आणि साकमन यांनी, १९७६मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका चॅनलची, म्हणजे अशा एका दाराची, उडी पकडली, १९९१ला त्यांना नोबेल मिळालं. मिळायलाच पाहिजे होतं.

तर १९८४मध्ये अ‍ॅशक्रॉफ्ट बाई हेच करत होत्या. काचेचं टोक उंदीरजातीच्याच, म्हणजे रॅटच्या, अख्ख्या बीटा पेशीला चिकटवलेलं, आत एक पोटॅशियम चॅनल उड्या मारतोय. मग त्यांनी बशीत ग्लुकोज टाकलं आणि उड्या थांबल्या. ग्लुकोज धुऊन काढलं, परत सुरू. यातली खरी गंमत भाचीने दाखवून दिली. काचेच्या टोकाखालचं दार तर सीलबंद आहे, बशीतलं ग्लुकोज बाहेरून तिथे पोचूच शकत नाही. तरी दार लागलं. म्हणजे ग्लुकोज पेशीत गेलं, जळलं, आणि निरोप आतल्या बाजूने आला. बाईंनी नंतर कितीदा सांगितलंय की रात्री उशिरा हे दिसलं तेव्हा त्या आनंदाने हवेत होत्या आणि सकाळी उठल्यावर वाटलं, नक्की आपलं काहीतरी चुकलंय. नव्हतं चुकलं. निरोप्या होता एटीपी, पेशीची ऊर्जेची चिल्लर. त्याच वर्षी कुक आणि हेल्स यांनी पडद्याचा तुकडा पेशीपासून तोडून घेऊन त्यावर थेट एटीपी टाकून दाखवलं की दार लागतं. आणि आदल्या वर्षी जपानच्या नोमांना असलंच दार हृदयाच्या पेशीत सापडलं होतं. म्हणून नाव के-एटीपी चॅनल, के म्हणजे पोटॅशियम.

आता साखळी जोडून बघा. साखर कमी आहे, एटीपी कमी, दार उघडं, पोटॅशियम बाहेर जातंय, त्यामुळे पेशी आतून उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास शांत बसलीय, इन्सुलिन बंद. साखर वाढली, एटीपी वाढलं, दार लागलं, पोटॅशियम आत अडकलं, व्होल्टेज चढलं, त्यावर चालणारं कॅल्शियमचं दुसरं दार उघडलं, कॅल्शियम आत घुसलं आणि पुड्या फुटल्या. सगळा कारभार त्या एका दारावर.

आणि माझी गोळी काय करते? ती येऊन ते दार लावते. बस. आत साखर जळतेय का, एटीपी किती आहे, काही विचारत नाही. नंतर १९९५मध्ये या चॅनलचे जीन सापडले आणि पुढे कळलं की हे आठ तुकड्यांचं प्रकरण आहे, मधले चार म्हणजे खुद्द दार आणि बाहेरचे चार म्हणजे त्याचे पहारेकरी. एटीपी दाराला येऊन सांगतं, गोळी पहारेकऱ्याला धरते. म्हणजे मालकाला बायपास करून वॉचमनला पटवायचं. त्या रात्री माझी साखर उतरत होती, पेशींना ते कळतही असणार, दार उघडायला हवं होतं, पण वॉचमन सकाळच्या गोळीच्या ताब्यात. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे नाहीच कळत ना. मी तेच म्हणत होते."

या गोळीची जन्मकथा पण अशीच आहे. १९४२, युद्ध चालू, फ्रान्समध्ये माँपेल्यिएला जानबों नावाचे डॉक्टर टायफॉइडच्या पेशंटना एक नवं सल्फा औषध देऊन बघत होते. पेशंटना झटके यायला लागले, काही गेले. साखर भलतीच खाली गेलेली. त्यांचे सहकारी लुबातिएर यांनी तेच औषध कुत्र्यांना दिलं, साखर उतरली. मग स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना दिलं, काहीच झालं नाही. म्हणजे औषध स्वादुपिंडावरच चालतंय. त्यातून पन्नाशीच्या दशकात डायबिटीसच्या गोळ्या बाजारात आल्या, सल्फोनिलयुरिया. आणि त्या बीटा पेशीतलं हेच पोटॅशियमचं दार लावतात हे समोर आलं १९८५मध्ये. तीस वर्षं लोकांनी गोळ्या खाल्ल्या आणि त्या नेमकं काय करतात ते देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं! मी नऊ वर्षं न विचारता खाल्ली त्याचं एवढं काही वाटून घ्यायला नको.

इथपर्यंत असतं तरी मी खूश होतो. पण पुढचा भाग ऐकून मला फोन हातात धरून गॅलरीत जाऊन बसावं लागलं.

काही बाळांना जन्मल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच डायबिटीस होतो. फार दुर्मिळ, लाखात एखादं. पूर्वी त्यांना लहान मुलांचा नेहमीचा टाइप १ समजून आयुष्यभर इन्सुलिनवर ठेवायचे. इंग्लंडमधल्या एक्सिटरचे डॉक्टर अँड्र्यू हॅटर्सली आणि अ‍ॅशक्रॉफ्ट बाई यांनी मिळून २००४मध्ये दाखवलं की यातल्या बऱ्याच मुलांच्या त्या दाराच्याच जीनमध्ये चूक आहे. दार एटीपीचं ऐकत नाही, उघडंच राहतं. पेशी जिवंत आहे, इन्सुलिन भरलेलं आहे, साखर जळतेय, निरोपही निघतोय, फक्त दार लागत नाही म्हणून सगळं आत पडून. काही मुलांमध्ये त्याच दारामुळे मेंदूवरही परिणाम, वाढ मागे, फिट्स, कारण ते दार मेंदूतही असतं.

मग दार लावणारी गोळी तर पन्नास वर्षांपासून दुकानात होतीच की. २००६मध्ये निकाल आला, अशा ४९ पेशंटना सल्फोनिलयुरिया दिली, त्यातल्या ४४ जणांचं इन्सुलिन सुटलं. आणि नुसतं सुटलं नाही, साखर आधीपेक्षा चांगली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं ते एचबीएवनसी ८.१ वरून ६.४. जन्मल्यापासून रोज टोचून घेणारं पोर, आणि एक दिवस इंजेक्शनच बंद. नवीन औषध शोधलं नाही, काही नाही, फक्त कुठलं दार ते माहीत होतं. दहा वर्षांनी परत बघितलं तर ९३ टक्के लोक अजून त्याच गोळीवर होते, इन्सुलिनशिवाय.

मी भाचीला लगेच विचारलं, मग त्या पोरांना नाही का रात्री साडेतीनला घाम फुटत? डोस तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो त्यांचा. ती म्हणाली हाच तर मजेशीर भाग आहे, गंभीर लो त्या अभ्यासात दिसलेच नाहीत. त्यांचं दार गोळीने जेमतेम ठिकाणावर येतं आणि मग पुढचं कमीजास्त जेवणानंतर आतड्यातून येणारे हार्मोन वगैरे दुसरे सिग्नल सांभाळतात. माझं दार मुळात धड आहे, त्याला वरून ढकलतात. म्हणजे तीच गोळी, तेच दार, पण त्यांच्याकडे ती दुरुस्ती आणि माझ्याकडे बळजबरी.

बळजबरीचं ऐकून मला माझ्या पहिल्या डॉक्टरांचं वाक्य आठवलं. निदान झालं त्या दिवशी ते रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाले होते, "तुमचं पँक्रियाज थकलंय." हे वाक्य मी नऊ वर्षं उराशी धरून बसलोय. थकलंय म्हणजे म्हातारं झालं, आता ते काही परत तरुण व्हायचं नाही, आपण गोळ्या वाढवत जायचं आणि एक दिवस इन्सुलिन. मनात मी त्याचं श्राद्धसुद्धा घालून झालो होतो.

तर याच्यावर पण बाईंच्या ग्रुपने काम केलंय आणि ते मला सगळ्यात जास्त भिडलं. त्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्यात ते बिघडलेलं दार मोठेपणी हवं तेव्हा चालू करता येतं. चालू केलं की थोड्याच दिवसांत साखर आकाशाला. काही आठवड्यांनी आयलेट उघडून बघितले तर बीटा पेशींमध्ये इन्सुलिन जेमतेम, आयलेटचा आकार बदललेला, आणि पेशी ग्लायकोजेनने ठासून भरलेल्या. ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर, हे लिव्हरचं आणि स्नायूचं काम, बीटा पेशीने साखर साठवायची नसते, मोजायची असते. मग उंदरांना ग्लिबेनक्लामाइड दिलं, म्हणजे माझ्या गोळीचीच थोरली बहीण, साखर खाली आली आणि बराचसा बिघाड उलटा फिरला. इन्सुलिन परत दिसायला लागलं. २०१४ आणि २०१६चे पेपर आहेत हे.

म्हणजे ज्या पेशी मेल्या असं वाटत होतं त्यातल्या बऱ्याच मेल्या नव्हत्या, साखरेत बुडून काम विसरल्या होत्या. आणि २०२२मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं, की बिघडवते ती साखर स्वतः नाही, ती जाळताना मध्ये तयार होणारं कायतरी आहे. कारण त्या आळशी ग्लुकोकायनेजला अजून जरा आळशी केलं तर भरपूर साखरेतही पेशी बऱ्यापैकी शाबूत राहिल्या. साखर जाळूनच जिला साखर कळते तिला ते जाळणंच नडतं. काय डोकं लावलंय बघा निसर्गाने.

आता इथे जरा ब्रेक मारतो, कारण असं काही वाचलं की आपल्याकडे लगेच फॉरवर्ड फिरतात, डायबिटीस मुळापासून बरा वगैरे. हे उंदीर आहेत आणि बशीतल्या पेशी आहेत. माणसात टाइप २मध्ये बीटा पेशींची संख्याही कमी झालेली सापडते, सगळ्याच काही झोपलेल्या नसतात. टाइप १ तर वेगळीच गोष्ट, तिथे शरीराची फौजच पेशींना मारते, दार उघडं की बंद हा प्रश्नच येत नाही. पण माणसातही थोडं काही परत येतं याचा पुरावा आहे. २०१७मध्ये ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा अभ्यास आला, ३०६ जण, सगळ्यांचा टाइप २ सहा वर्षांच्या आतला, ज्यांना जोरदार वजन उतरवायला लावलं त्यांच्यातले ४६ टक्के एका वर्षानंतर गोळ्यांशिवाय डायबिटीसच्या रेषेखाली होते. दुसऱ्या वर्षाला ३६ टक्के. मला नऊ वर्षं झालीत त्यामुळे मी त्या सहा वर्षांत बसत नाही. हे वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सहा वर्षं आत असताना मी श्राद्ध घालून बसलो होतो ना.

मी भाचीला म्हटलं, मग थकलंय हा शब्द चूक आहे का? ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मामा, थकलेला माणूस झोप काढली की उठतो. शब्द एवढा वाईट नाहीये. फक्त डॉक्टर तो मेलेल्याच्या टोनमध्ये बोलतात."

पुढच्या व्हिजिटला आताच्या डॉक्टरांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी माझी दाराची आकृती बघितली, वॉचमनसकट, आणि म्हणाले, "अहो, हे कुठून आणलंत?" मग त्यांनी त्या रात्रीचं सगळं विचारलं, काय खाल्लं होतं, गोळी कधी घेतली, किडनीचा रिपोर्ट काढून बघितला, आणि ग्लिमेपिराइड परत १ वर आणली. आणि सांगितलं की आजारी असाल आणि खाणं होत नसेल त्या दिवशी गोळी घ्यायच्या आधी फोन करायचा. हे एवढंसं वाक्य नऊ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. यात त्यांचा राग नाही, मी पण कधी विचारलं नव्हतं, पण तुमच्या घरात कुणी या गटातली गोळी घेत असेल तर हे आजच विचारून ठेवा. डोस मात्र माझं वाचून स्वतः कमी करू नका, प्लीज. माझ्याकडे फक्त वही आहे.

गेल्या तीन आठवड्यांत एकदाही ८० खाली गेलो नाही. उपाशीपोटीची जरा वर आलीय, १३०च्या आसपास, ती चालण्याने उतरते का बघायचं ठरलंय, संध्याकाळी बायको सोबत येते म्हणजे मी टाळू शकत नाही.

काल रात्री अकराला भाचीचा मेसेज आला. नुसती एक सपाट रेघ, खाली लिहिलेलं, "आजचं पाचवं सील गेलं मामा, घरी चाललेय." मी "कधी संपतंय तुझं" टाइप केलं होतं, ते खोडलं आणि विचारलं, सहावी पेशी शिल्लक आहे का बशीत. अजून ब्लू टिक नाही.